मुले किती, यावर म्हातारपणीची स्मरणशक्ती ठरते का?

प्रश्न : आम्हा नवरा-बायकोला मूल नाही. आई-वडिलांचा मेंदू जास्त काळ तरुण राहतो, असे वाचले. आम्हाला स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त आहे का?

उत्तर : ती बातमी बहुधा ‘यूके बायोबँक’ या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहितीसाठ्यातल्या सुमारे 37,000 जणांच्या एमआरआयवरची, 2025 सालची. वयाबरोबर मेंदूच्या भागांमधला ताळमेळ बिघडतो; मुले असलेल्यांत तो कमी बिघडलेला दिसला, आणि बापांतही. म्हणजे हे एकट्या गरोदरपणाचे काम नव्हे. पण ज्यांची तब्येत मुळातच बरी, त्यांनाच मुले झाली असतील तर? शिवाय स्कॅनमधला फरक म्हणजे आजार नव्हे. त्याच बायोबँकमधल्या 5 लाख लोकांच्या 2022 च्या अभ्यासात दोन मुले असलेल्यांपेक्षा मूल नसलेल्यांत धोका थोडा जास्त होता खरा, पण चार किंवा अधिक मुले असलेल्यांतही तो जास्तच निघाला.

प्रश्न : मला तीन मुले. तिसऱ्या मुलामुळे बुद्धी मंदावते, हे ठरवले तरी कसे?

उत्तर : नुसती तुलना करून ठरवता येत नाही. शिक्षण आणि पैसा मुलांच्या संख्येशीही जोडलेले असतात नि बुद्धीशीही. म्हणून 2022 मध्ये संशोधकांनी एक युक्ती केली. पहिले दोन्ही मुलगेच किंवा दोन्ही मुलीच झाल्या, की अनेक जोडपी तिसऱ्याचा विचार करतात. आणि मुलगा की मुलगी हे तर नशिबाचे. जणू चिठ्ठ्या टाकूनच दोन गट पाडले! युरोपातले 20 देश आणि इस्रायलमधल्या 65 वर्षांवरच्यांची माहिती त्यासाठी वापरली. अशा पाहणीत दहा शब्द ऐकवून लगेच आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, मिनिटभरात प्राण्यांची नावे सांगायला लावतात. तिसऱ्या मुलाचा परिणाम वय 6.2 वर्षांनी वाढल्याइतका निघाला. मात्र हा आकडा ‘दोन्ही सारखीच झाली म्हणून तिसरे’ अशा कुटुंबांपुरता, तोही सरासरी. तो स्वतःला चिकटवून घेऊ नका. कारणे म्हणून खर्चाची ओढाताण, आईची सुटलेली नोकरी आणि ताण यांचा विचार होतो.

तुमच्या हाती आहे ते वेगळेच. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने गेली होती का, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया झाला होता का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. डेन्मार्कच्या 2018 च्या अभ्यासात अशा स्त्रियांत रक्तवाहिन्यांच्या विकारातून होणारा स्मृतिभ्रंश तिपटीहून अधिक आढळला. त्यांनी रक्तदाब नियमित मोजायलाच हवा. ऐकू कमी येण्याचाही स्मृतिभ्रंशाच्या धोक्याशी संबंध आहे; तसे होत असेल, तर कानही तपासून घ्या.