डच 'खान'चा भूतकाळ: खिंग, खेखान की खेवेस्ट?

डच शेजारणीला तुम्ही सांगितलंत, 'हेइ इस नार कांतोर खेखान', म्हणजे नवरा ऑफिसला गेला, आणि तिने विचारलं, अजून आले नाहीत का? नवरा तर तोवर ऑफिसातून येऊन जेवायलाही बसला होता. तुमचं वाक्य व्याकरणात कुठेही चुकलेलं नाही. फक्त त्या वेळी दुसरं रूप हवं होतं.

आधी रूपं सांगते. डच 'ग' घशातून निघतो, म्हणून मी तो 'ख' लिहितेय. 'खान' म्हणजे जाणे. साधा भूतकाळ एकवचनात सगळ्यांना 'खिंग', अनेकवचनात 'खिंगेन'. पूर्ण भूतकाळात 'खेखान', आणि त्याच्यासोबत 'झेइन'ची, म्हणजे 'असणे'ची रूपं: इक बेन (मी), हेइ इस (तो), वेइ झेइन (आम्ही). बऱ्याच डच क्रियापदांना लागणारं 'हेबेन' (जवळ असणे) 'जाणे' या अर्थी इथे कधीच लावू नका.

आता तुमचं वाक्य. वेळ न सांगता नुसतं 'इस खेखान' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं ते 'गेलाय', म्हणजे सध्या इथे नाही. माणूस परत आला असेल तर डच लोक 'असणे' हे क्रियापद वापरतात, त्याचं पूर्ण भूतकाळातलं रूप 'खेवेस्ट': 'हेइ इस नार कांतोर खेवेस्ट'. आपण 'जाऊन आला' म्हणतो, अगदी तेच. सुरुवातीला 'खिस्तेरेन', म्हणजे काल, जोडलंत तर मात्र 'खेखान'नेही गोंधळ होत नाही.

मग 'खिंग' कुठे? पूर्वीच्या सवयीसाठी तेच हवं: 'व्रूखर खिंग इक मेट दे फीट्स', पूर्वी मी सायकलने जायचे. किस्सा सांगतानाही पहिलं वाक्य बहुधा 'बेन खेखान'चं असतं आणि पुढचा तपशील, गर्दी होती, पाऊस पडत होता, साध्या भूतकाळात येतो. सगळा किस्सा पूर्ण भूतकाळात ओढला की ऐकायला जड जातो. आपली मंडळी हे फार करतात, कारण वर्गात 'खेखान'चाच सराव जास्त होतो.

एक जागा नक्की सांभाळा. 'खान'पुढे दुसरं क्रियापद आलं की 'खेखान' गळतं आणि मूळ रूप येतं. झोपायला गेले, तर 'इक बेन खान स्लापेन'. 'खेवेस्ट'चंही तसंच, फक्त तिथे 'झेइन'ऐवजी 'वेझेन' हे त्याचं जुनं मूळ रूप येतं: 'वेइ झेइन वेझेन झ्वेमेन', आम्ही पोहून आलो.