येशूच्या प्रवासाचा खर्च कोण भागवत असे?

प्रश्न : आमच्या बायबल अभ्यासवर्गात लूककृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय वाचताना येशूबरोबर फिरणाऱ्या स्त्रियांच्या ‘सेवे’चा उल्लेख आला. ही सेवा म्हणजे रांधणे-वाढणे, असे आम्हाला सांगण्यात आले. ते बरोबर आहे का? (एक वाचिका, वसई)

उत्तर : तो अर्थ अपुरा आहे. या स्त्रिया आपल्या मालमत्तेतून सेवा करीत, असे लूकने स्पष्ट लिहिले आहे आणि नेमका तोच शब्द वाचताना आपल्या नजरेतून सुटतो. येशूचे शिष्य पेत्र, याकोब आणि योहान यांनी मासेमारी सोडली होती, मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठून आला होता. गावोगाव फिरणाऱ्या इतक्या माणसांच्या भाकरीचा खर्च कोणाच्या पैशातून होई, हे सांगताना लूक मग्दालीया मरीया, योहान्ना आणि सूसान्ना अशी तीन नावे घेतो आणि ‘इतर पुष्कळ स्त्रिया’ अशी पुस्ती जोडतो. मूळ ग्रीक क्रियापदातूनही एकदाच केलेल्या दानाचा नव्हे, तर सतत चालू राहिलेल्या सेवेचा बोध होतो.

यांतील योहान्नाकडे आपण अवश्य लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. तिचा पती खुजा हा गालीलचा अधिपती हेरोद अंतिपा याचा कारभारी होता. याच हेरोदाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करवला, आणि तो येशूलाही ठार मारू पाहत असल्याची वार्ता लूकच पुढे तेराव्या अध्यायात देतो. ज्या दरबाराच्या चाकरीवर आपले घर चालते, त्याच दरबाराला खुपणाऱ्या उपदेशकाचा खर्च उचलणाऱ्या या स्त्रीने केवढी जोखीम पत्करली असेल! रांधण्याला मी मुळीच कमी लेखत नाही, परंतु तेवढ्या एका शब्दात योहान्ना मावत नाही. येशूची कबर रिकामी असल्याची बातमी प्रेषितांना सांगणाऱ्या स्त्रियांतही लूक तिचे नाव घेतो.

पुढच्या पिढीतही हेच दिसते. फिलिप्पै नगरात नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रियांमध्ये, येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाला लुदिया भेटली. ती थुवतीरा नगराची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी होती आणि हे वस्त्र त्या काळी श्रीमंतांनाच परवडे. तिने पौलाला व त्याच्या सोबत्यांना आग्रह करकरून आपल्या घरी उतरवून घेतले. फटके खाऊन, तुरुंगात रात्र काढून बाहेर पडलेले पौल आणि त्याचा सोबती सीला थेट तिच्याच घरी गेले आणि तिथे बंधुजनांना भेटून मगच त्यांनी ते नगर सोडले.

‘सेवा’ या शब्दाविषयी आपल्या मनात अजूनही शंका असेल, तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय उघडावा. इ.स. ५७ च्या सुमारास लिहिलेल्या या पत्रात पौल किंख्रिया येथील फिबीला मंडळीची ‘दियाकोनोस’, म्हणजे सेवक म्हणतो आणि करिंथकरांस लिहिताना स्वतःसाठीही तो हाच शब्द वापरतो. फिबीला लागेल ती मदत करा, असे तो रोममधल्या मंडळीला विनवतो, आणि त्याचे कारणही देतो: ती पुष्कळांची आणि खुद्द त्याचीही आश्रयदाती झाली होती.