हँग-ऑन स्टँड घेण्याआधी स्वतःच्या गुडघ्याची उंची मोजा

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमधला धनुष्याने हरणाच्या शिकारीचा पहिला सीझन शिडीच्या स्टँडवर काढलात आणि आता पाठीवर टाकून नेता येईल असा हँग-ऑन हवाय, म्हणजे खोडाला पट्ट्याने बांधायचा, सीट आणि पाय ठेवायला प्लॅटफॉर्म असलेला स्टँड. पण मित्राच्या हँग-ऑनवर तासाभरात पायांना मुंग्या आल्या आणि वजन जरा कडेला गेलं की तो हलायचा. म्हणून आरामशीर आणि न हलणारा कुठला, असा प्रश्न. मी आजवर चार हँग-ऑन वापरले, त्यातले दोन विकून टाकले. त्यावरून सांगतो: मुंग्यांचा इलाज दुकानात आहे, हलण्याचा बहुतेक वेळा झाडावर.

आधी मुंग्या. दुकानात जो तो गादी दाबून बघतो. बघायची असते सीटची उंची, म्हणजे प्लॅटफॉर्मपासून सीटच्या पुढच्या काठापर्यंतचं अंतर. काठ उंच असेल तर तो मांडीखाली दाबतो आणि पाय झोपतात. फार खाली असेल तर गुडघे छातीशी येतात, सगळा भार बैठकीवर पडतो आणि हरीण समोर आल्यावर उठताना धडपड होते. घरी शिकारीचे जाड बूट घालून खुर्चीवर बसा आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत टेप लावा. तो आकडा घेऊनच दुकानात जा. माझी उंची पाच फूट सहा इंच, मला १८ इंच बरोबर बसतं. सहा फुटी गोऱ्या मित्राला आवडलेला स्टँड मला शिक्षा होती. सीट खालीवर करता येणारा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या.

गादीबद्दल एवढंच: फोम पाणी पितो, नोव्हेंबरात गोठतो आणि खारी तो कुरतडून घरट्यात नेतात. जाळीची सीट बरी, पण पुढचा आडवा पाइप मांडीला टोचत नाही ना ते बसून बघा. सीट वर दुमडताना आवाज झाला तर तो स्टँड तिथेच ठेवा, कारण धनुष्य असल्यावर उभं राहूनच बाण सोडायचाय आणि वीस यार्डांवरच्या हरणाला एक 'टक्' पुरते.

प्लॅटफॉर्म साधारण २४ बाय ३० इंचाचा भरपूर झाला. त्याहून मोठा घ्यायचा मोह होतो, पण लोखंडी स्टँड वीस पौंडांच्या पुढे जातो, वर चार स्टिक्स (चढायला खोडाला बांधायचे पायऱ्यांचे तुकडे), धनुष्य, बॅग. अर्धा मैल चालून घाम फुटला की वर बसल्यावर तोच घाम थंडी वाजवतो. मी अॅल्युमिनियमवर आलो आणि सुखी झालो.

आता हलणं. हँग-ऑनला खालून टेकू नसतो. वर सीटच्या मागे खोडाभोवती पट्टा आणि खाली प्लॅटफॉर्मच्या मुळाशी सालीत रुतणारे दात, एवढ्यावर तो उभा. तुम्ही प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला उभे राहता तेव्हा पट्टा ताणला जातो आणि दात आणखी आत जातात, म्हणजे तिथे तो उलट घट्टच होतो. लोक घाबरतात नेमके पुढे. खरा धोका मागे, खोडालगत आणि कोपऱ्यावर, कारण तिथे वजन पडलं की खालचा भाग सुटून बाजूला सरकू पाहतो.

म्हणून लावताना घाई नको. प्लॅटफॉर्म वर दुमडलेला ठेवून पट्टा जिवाच्या आकांताने ओढा, मग प्लॅटफॉर्म खाली दाबा. शेवटचे दोन इंच आपसूक खाली आला तर पट्टा सैल आहे, सोडून पुन्हा ओढा. ढकलायला जोर लागला आणि सालीत दात गेल्याचा 'कर्र' असा आवाज आला की जमलं. मग हार्नेस (पडलो तर झेलणारा, झाडाला अडकवायचा अंगातला पट्टा) अडकवलेला असतानाच आधी एक पाय, मग दुसरा, मग चारही कोपऱ्यांवर हळूहळू भार द्या. उड्या मारून तपासू नका. कंपनीने खालच्या भागासाठी दुसरा पट्टा दिला असेल तर तो लावायचाच. हे सगळं आधी घरामागच्या झाडावर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर चार-पाच वेळा करा. तिथेच तासभर चहा पीत बसा, मुंग्यांचाही निकाल लागेल.

झाड सरळ आणि जिवंत हवं. शॅगबार्क हिकरी या झाडाची साल पापुद्र्यांनी सुटते, दात पापुद्र्यात रुततात, खोडात नाही. वाळलेल्या अॅशच्या झाडापासून तर लांबच राहा. २००२ मध्ये एमराल्ड अॅश बोरर हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो आपल्या मिशिगनमध्येच, आणि त्याने मारलेले अॅश अजून जंगलात सरळसोट उभे दिसतात. खाली फांदी नाही, जाडी बेताची, स्टँडसाठीच बनवल्यासारखे. आतून ठिसूळ.

माझी चूक सांगतो. एक स्टँड दोन हिवाळे झाडावरच सोडला होता. तिसऱ्या ऑक्टोबरात पहाटे अंधारात चढलो, हार्नेस अंगात होता पण 'वर गेल्यावर अडकवू' म्हणून मोकळा. स्टिकवरून प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला आणि स्टँड वीतभर खाली घसरला. खोडाला मिठी मारून किती वेळ उभा होतो कोण जाणे. उजाडल्यावर पाहिलं, पट्टा उन्हाने पांढरा पडलेला आणि एका कडेने खारीने खाल्लेला. दोष स्टँडचा नव्हता. आता सीझन संपला की स्टँड घरी येतो आणि पट्टे पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलतो.

तेव्हापासून लाइफलाइन बांधतो, म्हणजे वर खोडाला बांधून जमिनीपर्यंत सोडलेला दोर. त्यावरची प्रुसिक गाठ (हाताने सरकते, झटका बसला की आवळते) जमिनीवरच हार्नेसला अडकवायची आणि चढताना सोबत वर सरकवत न्यायची, म्हणजे एक क्षणही मोकळे नसता. वर टेदर (हार्नेसला झाडाशी जोडणारा पट्टा) डोक्याच्या वर बांधा, बसल्यावर त्यात ढील राहता कामा नये. सगळ्यात वरची स्टिक प्लॅटफॉर्मच्या वरपर्यंत जाऊ द्या, म्हणजे प्लॅटफॉर्मवर खाली उतरायचं असतं, चढायचं नसतं. धनुष्य मागाहून दोरीने ओढून घ्या.

बाबांना फोटो पाठवला तर म्हणाले, हे तर ज्वारीतलं मचाण, गोफण कुठाय? खरंय, फक्त मचाणाला चार पाय असायचे.

सार्वजनिक जमिनीवर जाणार असाल तर खिळे किंवा स्क्रूच्या पायऱ्या झाडात घुसवता येत नाहीत, पट्ट्याच्या स्टिक्सच घ्या. आणि स्टँडवर स्वतःचं नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर खालून वाचता येईल असा लिहावा लागतो. इंग्रजीत, असं नियमातच आहे. मी नाव-पत्ता खाली छोट्या अक्षरांत मराठीतही लिहिलाय, अजून कुणी हरकत घेतलेली नाही.