वाचकांचे प्रश्न: मॅथ्सच्या मुलांना फिजिक्स शिकवताना

प्रश्न: मी फिजिक्सची प्राध्यापिका. यंदा मॅथ्सच्या तिसऱ्या वर्षाला थिअरेटिकल फिजिक्सचा पेपर माझ्याकडे आलाय. मुलं हुशार आहेत, गणितात तर माझ्या पुढेच म्हणा, पण दर पाच मिनिटांनी हात वर. हे कन्व्हर्ज होतं का, हे डिफरन्शिएबल आहे कशावरून, ही टर्म का सोडली. सिलॅबस निम्मासुद्धा झालेला नाही आणि मला वाटायला लागलंय की आपल्यालाच विषय येत नाही की काय. काय करू?

उत्तर: मॅडम, पहिल्यांदा हे डोक्यातून काढा की तुम्हाला विषय येत नाही. माझंही अगदी असंच झालं होतं. पेंड्युलम शिकवत होतो, फळ्यावर साइन थीटाच्या जागी थीटा लिहिलं आणि सवयीने म्हणालो की अँगल लहान आहे. मागून एक मुलगी म्हणाली, सर लहान म्हणजे किती? मी म्हटलं, लहान म्हणजे लहान. वर्ग हसला, ती हसली नाही. मग घरी येऊन रात्री बसून हिशोब केला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडे मांडले की दोन्ही बाजूला 20 अंशांपर्यंत झोका गेला तर पिरियडमध्ये चूक साधारण पाऊण टक्का, 60 अंशांना 7 टक्के, 90 अंशांना 18. मुलं खूश. मग मी विचारलं, आता सांगा, दोरी एक मीटरची आहे आणि ती मोजताना तुमची अर्धा सेंटीमीटर चूक झाली तर पिरियडमध्ये किती फरक पडेल? पाव टक्का आला. आणि 10 अंशांच्या झोक्याला ॲप्रॉक्सिमेशनची चूक येते 0.19 टक्के. म्हणजे दोरी नीट मोजली नसेल तर साइनची पुढची टर्म धरून बसण्यात काही अर्थच नाही, ती चूक या चुकीखाली दबून जाते.

माझ्या मते सगळी गोची इथेच आहे. मॅथ्सच्या मुलांना फिजिक्समधलं गणित जड जात नाही, जड जातं ते हे की फळ्यावरची कुठली ओळ कुठून आली ते कोणी सांगत नाही. त्यांच्या विषयात प्रत्येक ओळ एकतर डेफिनिशन असते, नाहीतर ॲक्झियम, नाहीतर आधीच्या ओळींवरून सिद्ध झालेली. आपण मात्र एकाच दमात एक डेफिनिशन, एक प्रयोगातून आलेली गोष्ट, एक ॲप्रॉक्सिमेशन आणि एक खरंखुरं थिअरम लिहून टाकतो, सगळं एकाच पांढऱ्या खडूने, आणि मधे "म्हणून" लिहितो. त्या "म्हणून"ला ती मुलं अडखळतात, आणि बरोबरच अडखळतात.

मी साधा उपाय केला, रंगीत खडू. डेफिनिशन पिवळ्याने, जगाबद्दलचा दावा लाल, ॲप्रॉक्सिमेशन निळं, बाकी जे निव्वळ गणित ते पांढरं. पहिला आठवडा फार हळू जातो (आणि हात रंगतात ते वेगळंच), पण मग मुलंच ओरडायला लागतात, सर हे लाल पाहिजे. न्यूटनचा दुसरा नियम कुठल्या रंगाने लिहायचा यावर माझ्या वर्गात अख्खं लेक्चर भांडण चाललं होतं. एक गट म्हणे ही तर फोर्सची डेफिनिशन झाली, मग यात दावा कुठे आहे? शेवटी एकाने बरोबर पकडलं की दावा असा आहे की फोर्स ठरायला जागा आणि वेग एवढंच पुरतं, ॲक्सिलरेशन त्यात वेगळं घालावं लागत नाही, म्हणून इक्वेशन सेकंड ऑर्डरचं होतं आणि आत्ताची जागा नि वेग सांगितला की पुढचं सगळं ठरतं. हे काही गणितातून निघत नाही, जग असं निघालं. त्या दिवशी सिलॅबस एक इंचही पुढे सरकला नाही आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

आणि एखाद-दुसरा हिशोब असा दाखवा की प्रूफ नसताना फिजिक्सवाला किती लांब जातो. माझा आवडता ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलरचा. जुलै 1945 मधल्या पहिल्या अणुस्फोटाचे फोटो नंतर प्रसिद्ध झाले, त्यावर वेळ आणि अंतराची पट्टी दोन्ही छापलेलं. स्फोट झाल्यावर 25 मिलिसेकंदांनी आगीच्या गोळ्याची त्रिज्या साधारण 140 मीटर. आता एनर्जी, हवेची घनता, त्रिज्या आणि वेळ यांची डायमेन्शन्स (म्हणजे किलो, मीटर, सेकंद कितीदा येतात ते) जुळवायची म्हटली तर मार्ग एकच राहतो, एनर्जी म्हणजे घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात भागिले वेळेचा वर्ग. आकडे घाला, 10 चा 14 वा घात ज्यूल येतात, म्हणजे 25 किलोटनच्या आसपास. पुढे जो कॉन्स्टंट असतो तो डायमेन्शन्समधून कळत नाही हे मात्र मुलांना आपणहून सांगा, तो एकच्या जवळ आहे हे दाखवायला टेलरला पूर्ण इक्वेशन सोडवावं लागलं होतं. हे लपवलंत तर पुढच्या मिनिटाला हात वर आलाच म्हणून समजा.

एक किरकोळ वाटणारी पण फार छळणारी गोष्ट, नोटेशन. एक्स आणि वाय चं फंक्शन एफ म्हणजे एक्स वर्ग अधिक वाय वर्ग, तर एफ ऑफ आर, थीटा किती? फिजिक्सवाला झोपेतही आर वर्ग म्हणेल, मॅथ्सवाला म्हणेल आर वर्ग अधिक थीटा वर्ग. दोघंही बरोबर. आपल्यासाठी एफ ही एखादी राशी असते, म्हणजे तापमान वगैरे, जे त्या जागेचं आहे, त्यांच्यासाठी तो नियम आहे. इनर प्रॉडक्ट कुठल्या बाजूने लिनिअर, थीटा-फाय मधला कुठला अँगल कुठला, यातही दोन्हीकडे उलटसुलट. पहिल्या लेक्चरला एक कागद वाटून टाका, निम्मे हात तिथेच खाली येतील.

प्रश्न: मी मॅथ्सचा विद्यार्थी. क्वांटम मेकॅनिक्सच्या क्लासला डिरॅक डेल्टा आलं (एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य, तरी इंटिग्रल एक), ते तर फंक्शनच नाहीये, पण सर म्हणतात चालतं. फिजिक्समध्ये काहीही चालतं का?

उत्तर: नाही रे बाबा, काहीही नाही चालत. डेल्टाच्या बाबतीत तुझ्या सरांचं नशीब चांगलं आहे. डिरॅकने ते बिनधास्त वापरलं आणि 1940 च्या दशकात लोरां श्वार्ट्झने डिस्ट्रिब्युशनची थिअरी करून त्याला पक्का पाया दिला, त्याला 1950 मध्ये फील्ड्स मेडलही मिळालं. तेव्हा ते डोळे मिटून वापर, फक्त दोन डेल्टांचा एकाच बिंदूवर गुणाकार करू नकोस.

पण कुठे चालत नाही ते बघ, त्यात जास्त मजा आहे. एक्सपी वजा पीएक्स बरोबर आय एच-बार, हे तू पाहिलं असशील (एक्स म्हणजे जागा, पी म्हणजे मोमेंटम, एच-बार हा क्वांटमचा कॉन्स्टंट). समज एक्स आणि पी साध्या एन बाय एन मॅट्रिक्स आहेत. दोन्हीकडे ट्रेस घे, म्हणजे कर्णावरच्या आकड्यांची बेरीज. डावीकडे शून्य, उजवीकडे आय एच-बार गुणिले एन. झालं, मॅट्रिक्स आउट, स्पेस इनफिनिट डायमेन्शनचीच लागणार. इतकंच नाही, दोन्ही एकदम बाउंडेड ऑपरेटरही (म्हणजे ज्यांचा नॉर्म, आकार, मर्यादित असतो असे) असू शकत नाहीत, पी चे घात घेऊन नॉर्म काढत गेलास की दोन ओळींत विरोध येतो, करून बघ.

आणि तुमच्यातला तो सिमेट्रिक आणि सेल्फ-ॲडजॉइंट ऑपरेटरमधला फरक (दुसऱ्यात ऑपरेटर नेमक्या कुठल्या फंक्शन्सवर चालतो तेही जुळावं लागतं), जो फिजिक्सची पोरं गाळून टाकतात, तो नुसता किचकटपणा नाहीये. अर्ध्या रेषेवर मोमेंटमचा सेल्फ-ॲडजॉइंट ऑपरेटर बनतच नाही. का? कारण तो बनला तर पार्टिकलला डावीकडे सरकवत राहायला पाहिजे आणि डावीकडे जागाच नाही. दोन टोकांमधल्या तुकड्यावर मात्र बनतो, आणि एक नाही, अनेक बनतात, टोकांना कुठली बाउंडरी कंडिशन लावलीस त्यावर. आता कुठली लावायची हे गणित नाही सांगणार, टोकांना प्रत्यक्षात काय होतं ते सांगणार. हे तू क्लासमध्ये उभं राहून मांड, भांडायला म्हणून नको, खरंच सांगायला म्हणून. सर ऐकतील असं वाटतं.

प्रश्न: मुलांना लिनिअर अल्जिब्रा चांगलं येतं, तर थेट क्वांटमपासून सुरुवात केली तर?

उत्तर: करा, पण हायड्रोजन ॲटमपासून नको, स्पिनपासून (पार्टिकलच्या अंगच्या अँग्युलर मोमेंटमपासून) करा. दोनच डायमेन्शन, कन्व्हर्जन्सचा प्रश्नच येत नाही. श्टेर्न आणि गेरलाख यांनी 1922 मध्ये चांदीच्या ॲटमचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला आणि तो पसरला नाही, दोन भागांत फुटला. ते "दोन" लाल खडूने लिहा. गंमत म्हणजे त्या दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं की आपण स्पिन बघतोय, ती कल्पना 1925 मध्ये आली. क्लासिकल मात्र पूर्ण टाळू नका, निदान लॅग्रान्जियन (कायनेटिक वजा पोटेन्शियल एनर्जी) आणि गणितज्ञ एमी नॉयथरचं 1918 चं थिअरम होऊ दे. सिमेट्रीवरून कॉन्झर्व्हेशन निघतं हे बघून गणिताची मुलं जेवढी हरखतात तेवढी दुसऱ्या कशाने हरखलेली मी पाहिली नाहीत.

प्रश्न: पेपर कसा काढायचा? प्रूफ विचारलं तर सगळ्यांना पैकीच्या पैकी, न्युमरिकल दिलं तर सगळे नापास!

उत्तर: मधलं विचारा. मी एकदा विचारलं होतं, पेंड्युलमच्या पिरियडमधली चूक एक टक्का व्हायला झोका किती अंशांचा लागेल आणि तुमच्या उत्तरातली चूक किती? उत्तर साधारण 23 अंश. अर्ध्या वर्गाने 23 लिहिलं, एकाने 22.9 लिहून शेजारी पुढच्या टर्मचा अंदाजही दिला, आणि एकाने सव्वादोन पानांत सिरीज कन्व्हर्ज होते हे सिद्ध करून अंश लिहायचेच राहिले. त्याला मी निम्मे मार्क दिले, अजून भांडतोय.