वाचकांचे प्रश्न : एस्टोनियातले परदेशी धोंडे

प्रश्न : उत्तर एस्टोनियाच्या जंगलात आणि किनाऱ्यावर घराएवढे धोंडे दिसतात. ते हिमनदीनेच आणले, हे ओळखायचं कसं?

उत्तर : आधी पायाखालचा खडक पाहा. तिथे चुनखडक, वालुकाश्म आणि चिकणमातीचे थर आहेत. ग्रॅनाइट लागतो तो शंभर मीटरहून खोल. त्यामुळे वर पडलेला ग्रॅनाइटचा धोंडा तिथला नव्हे. तो फिनलंडच्या बाजूने, हिमथरात गोठून आला आणि बर्फ वितळल्यावर तिथेच राहिला.

मूळ गाव कधीकधी दगडच सांगतो. तांबूस खडकात सुपारीएवढे फेल्डस्पार या खनिजाचे गोल दाणे आणि त्यांच्याभोवती हिरवट-राखी कडं दिसलं, तर तो रापाकिवी नावाचा ग्रॅनाइट. असा खडक आग्नेय फिनलंड आणि रशियातल्या व्हीबोर्गच्या परिसरात उघडा पडलेला आहे. फिनिश भाषेत या नावाचा अर्थ भुसभुशीत दगड, आणि तो खरोखरच कडेने खडीसारखा झडतो. पायथ्याशी साचलेली ती खडी म्हणजे कुणी केलेली तोडफोड नव्हे.

आकाराचा अंदाज हवा असेल, तर उत्तर एस्टोनियातल्या लेटिपेआच्या किनाऱ्यावरचा एहालकिवी नावाचा धोंडा बघावा : उंची सुमारे 7 मीटर, घेर सुमारे 48 मीटर, वजन अंदाजे 2500 टन. एवढं ओझं कोणत्याही नदीच्या आवाक्यातलं नाही. एकाच ठिकाणी पुष्कळ धोंडे पाहायचे असतील, तर लाहेमा राष्ट्रीय उद्यानातलं कास्मू गाठा.

प्रश्न : संरक्षित शिळेजवळ शेकोटी चालते का? दगडाला काय होणार?

उत्तर : होतं, आणि ते भरून येत नाही. ग्रॅनाइटमधले क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार तापल्यावर सारखे फुगत नाहीत. पृष्ठभाग तापतो, आतला भाग थंडच राहतो आणि वरचे पापुद्रे सुटतात. शेकोटी फक्त नेमून दिलेल्या जागीच पेटवा. एस्टोनियाच्या कायद्यात शिळेसारख्या एकेकट्या संरक्षित निसर्गवस्तूभोवती 50 मीटर त्रिज्येचा निर्बंधित पट्टा असतो. संरक्षणाच्या आदेशात तो कमी ठेवला असेल तरच कमी.

चढण्याचा मोहही आवरा. दगडावरचं नकाशासारखं पिवळट-हिरवं दगडफूल वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही; बुटाच्या एका घसरणीत कित्येक दशकांची वाढ खरवडली जाते. घेर मोजायचा असेल, तर दोघांनी कापडी टेप आडवी, सैल धरून फिरवावी. शेवाळावर ती घासत ओढू नका, आणि जमीन उतरती असेल तर टेप कोणत्या उंचीवर धरली तेही लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळचा आकडा जुळणार नाही.