उशी काढ, सीट पुढे घे

पत्र (थोडक्यात): मावशी, मी कराडजवळच्या गावातली, वय 33. मिस्टरांची मणक्यातली गादी सरकली, डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलंय. दारात सेकंडहँड घेतलेली टाटा 1613 ट्रकगाडी उभी आहे आणि हप्ते काही थांबत नाहीत. ड्रायव्हर ठेवून परवडत नाही, म्हणून मीच हेवीचं लायसन्स काढायला घेतलं. ट्रॅक्टर लग्नाआधीपासून चालवते, कारचं लायसन्सपण आहे. पण ट्रकच्या टेस्टला दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा चढावर गाडी मागे आली आणि बंद पडली. क्लासचे सर म्हणतात बायकांच्या पायात जोर नसतो. संध्याकाळी घरच्या गाडीवर मिस्टर शिकवतात, ते खूप सांभाळून घेतात (सीट त्यांच्या मापाची आहे, ती मी हलवत नाही, पाठीमागे उशी घेते, क्लासलापण तीच नेते). आता सकाळी उठून जावंसंच वाटत नाही. जिद्द कशी टिकवू?

अगं पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसातच अडकले. जिद्दीचं नंतर बघू. तू सहाचाकी ट्रक उशीला टेकून चालवतेस?

माझे वडील ट्रकवर होते, शाळेला सुट्टी लागली की मी क्लीनरच्या बाजूला बसून त्यांच्याबरोबर जायचे. त्यांच्या गाडीत पायाखाली जी काळी रबराची मॅट होती ना, ती दोन ठिकाणी झिजून खालचा पत्रा दिसायचा, एक ॲक्सिलेटरखाली आणि दुसरं क्लचच्या शेजारी, बरोब्बर टाच टेकते तिथे. अख्खी गाडी त्या दोन टाचांवर तोलली जाते. तुझी टाच कुठे टेकते सांग बरं? टेकतच नसणार, कारण क्लच खालपर्यंत न्यायला तुला कंबर पुढे सरकवावी लागत असेल आणि पाय चवड्यावर येत असेल.

आता चढावर काय होतं बघ. तू क्लच दाबतेस तेव्हा पाठीचा जोर उशीवर जातो, उशी दबते, तू दोन-तीन बोटं मागे जातेस. मग हाफ क्लचला पाय सोडायला लागलीस की तीच उशी फुगते आणि तुला पुढे ढकलते. म्हणजे क्लच कुठे पकडतो ते पायाला कळायच्या आधीच तुझं माप बदललेलं असतं, आज एक, उद्या दुसरं. पाय घाबरून सुटतो, इंजिन गचका देतं आणि गाडी बंद. दोनदा नापास झालीस ती यामुळे. पायात जोर नसता तर नांगर लावलेला ट्रॅक्टर तू एवढी वर्षं कशाने चालवलास? तुझ्या सरांचा मला खरंच राग आलाय. हेवीच्या कोर्सला नियमाने 30 दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर 15 तास द्यायचे असतात, तेवढ्या वेळात बाई उशी घेऊन का बसलीय हे ज्या माणसाला दिसलं नाही त्याने पायाच्या जोराबद्दल बोलू नये. बायकांना जमतं का हा प्रश्न केव्हाच संपलाय, नंदुरबारच्या योगिता रघुवंशी नवरा गेल्यावर दोन लेकरांसाठी ट्रकवर बसल्या त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

आणि तुझे मिस्टर. सांभाळून घेतात म्हणतेस, घेत असतील, पण रोज संध्याकाळी शेजारी बसून बायको पाठीला उशी लावताना बघतात आणि "थांब, सीट पुढे घेऊ" एवढं काही त्यांच्या तोंडून निघत नाही. दुखणं आहे म्हणून मी त्यांना यातून सोडणार नाही.

पण खरं सांगू का, मला वाटतं त्यांच्यापेक्षा जास्त तूच ती सीट धरून ठेवलीयेस. सीट पुढे घेतली की ते आता परत या गाडीवर बसणार नाहीत हे घरात सगळ्यांनी मान्य केल्यासारखं होईल, हो ना? म्हणून तू त्यांची जागा तशीच राखून ठेवलीस, आणि स्वतः पाहुणीसारखी कडेकडेने बसतेस. किती जीव आहे गं तुझा त्यांच्यावर. वाचताना माझे डोळे भरले. पण असं बसून चालणार नाही बाई, मागे दहा टन माल असणार आहे. खंबाटकी घाट उतरताना पुढच्याने अचानक ब्रेक मारला आणि तुझी उशी पाठीमागून सटकली तर ब्रेकवर पाय पूर्ण जाणार नाही. सकाळी उठवत नाही ते याचमुळे, जी गाडी आपल्या अंगाला बसत नाही तिच्यावर रोज जाऊन अपमान करून घ्यायचा, कोणाला उठावंसं वाटेल?

तेव्हा या रविवारी एकच काम कर. शनिवारी रात्री सीटखालच्या पट्टीवर आणि बोल्टवर डिझेल टाकून ठेव, वर्षानुवर्षं न हललेली सीट गंजून बसलेली असणार. सकाळी मिस्टरांना खुर्ची टाकून शेजारी बसव आणि पाना तू हातात घे. त्यांना सरळ सांग, "अहो, सीट माझ्या मापाची करतेय, तुम्ही बरे झालात की परत मागे घेऊ." लिव्हरने हलली तर उत्तम, नाही हलली तर गॅरेजवाल्याला बोलाव, तो पट्टीला नवी भोकं पाडून देईल. माप असं घ्यायचं, पाठ पूर्ण टेकलेली, क्लच तळापर्यंत दाबलेला, आणि तरीही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे परत लावून घे, सीट हलली की आरसे चुकतात. बांधाजवळच्या चढावर हँडब्रेक ओढून उभी राहा, क्लच हळू सोड, इंजिनचा आवाज जड झाला की तिथेच पाय धर, मग हँडब्रेक सोड. वीस वेळा कर. क्लासच्या गाडीची सीटपण सोमवारी सरांकडून पुढे करून घे, नाही म्हणाले तर फी परत माग आणि दुसरा क्लास बघ.

तोवर तिसऱ्या टेस्टची तारीख घेऊ नकोस. तिसऱ्यांदा नापास झालीस तर 60 दिवस थांबावं लागतं आणि तुझे हप्ते तेवढे थांबणार नाहीत.

उशी घरी ठेव, मिस्टरांच्या पाठीला दे, त्यांना तिची खरंच गरज आहे. आणि सीट किती बोटं पुढे आली ते मला सोमवारी लिहून कळव, मी वाट बघतेय.

तुझी मावशी