बारा दिवसांत एव्हरेस्ट बेस कॅम्प नको, अन्नपूर्णेला जा

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत घरातून घरापर्यंत बारा दिवस हातात आहेत, तुम्ही दोघं पंचेचाळिशीच्या आसपास, मुलगा सतरा वर्षांचा, सह्याद्रीतले गड नेहमीचे. तर नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्प जमेल का, परवाने कुठले लागतात, पैसे किती आणि कसे न्यायचे, गाइड घ्यावाच लागतो का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. तुमच्या पायांबद्दल मला जराही शंका नाही. शंका दिवसांबद्दल आहे.

हिशेब मांडून बघा. या ट्रेकची चाल जिथून सुरू होते त्या लुक्लाहून चालायला लागल्यावर फाकदिंग, नामचे, उंचीची सवय व्हावी म्हणून नामचेला एक जादा मुक्काम, तेंगबोचे, दिंगबोचे, तिथे पुन्हा एक जादा मुक्काम, लोबुचे, गोरक्षेप आणि बेस कॅम्प, मग परतीचे तीन दिवस. हेच अकरा दिवस झाले आणि बारावा लुक्लाच्या विमानाचा. यात काठमांडूला जायचा-यायचा वेळ धरलेलाच नाही. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गर्दीत लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीचा प्रवास. लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटर, तीही चढावर. ढग उतरले की विमान येत नाही, आणि असे दोन-दोन दिवस सहज जातात. मी या ट्रेकला सोळाच्या खाली दिवस सांगत नाही, सतरा असले तर बरं.

दिवस कमी पडले की माणसं काय करतात? विमान त्यांच्या हातात नसतं, म्हणून ती जादा मुक्काम कापतात. 2011 साली आम्ही नेमकं तेच केलं होतं. परतीचं तिकीट ठरलेलं होतं म्हणून दिंगबोचेचा दुसरा मुक्काम गाळला. लोबुचेला, 4940 मीटरवर, संध्याकाळी माझ्या मित्राचं डोकं ठणकायला लागलं, जेवण उलटून पडलं. रात्री नऊच्या सुमारास तो खोलीबाहेर आला तेव्हा त्याला सरळ रेषेत चालता येत नव्हतं. आमच्यात तोच सगळ्यांत दणकट होता. आमच्या गाइडने एक मिनिट वाया घालवलं नाही. त्याने आणि लॉजवरच्या एका मुलाने मित्राला दोन्ही बाजूंनी धरलं, आणि हेडटॉर्चच्या उजेडात आम्ही रात्रीतून फेरिचेला उतरलो. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, 1973 पासून ट्रेकिंगच्या मोसमात चालू असतो. त्यांनी ऑक्सिजन लावला. सकाळी मित्र स्वतःच्या पायाने उठून चहा मागत होता. सहाशे-एक मीटर खाली आल्याने एवढा फरक पडला.

म्हणून विरळ हवेबद्दल थोडं सविस्तर सांगतो. कळसूबाई 1646 मीटर, नामचे 3440. गड चढून जो दम तयार होतो तो चढाला उपयोगी पडतो, पण विरळ हवेची सवय त्यातून होत नाही. ती फक्त वर राहून, वेळ देऊनच होते. बेस कॅम्पच्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास प्राणवायू मिळतो. नियम साधा आहे: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथल्या तिथेच. दिवसा हवं तेवढं वर जाऊन या, झोपायला खाली या. डोकं दुखतंय, भूक नाही, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. वाढत गेलं, तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला आला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. तपासायची सोपी रीत म्हणजे एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत एका रेषेत दहा पावलं चालायला लावा. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी चालते, पण घरच्या डॉक्टरांना विचारून, सल्फाची ॲलर्जी नाही ना ते बघून. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळता येतो असं मात्र अजिबात नाही. लसणाचं सूप प्या, छान लागतं, पण ते औषध समजू नका.

मुलाकडे जास्त लक्ष द्या. सतरा वर्षांचा मुलगा पुढे पळतो आणि डोकं दुखतंय हे आई-वडिलांना सांगत नाही. रोज संध्याकाळी त्याला स्पष्ट विचारा आणि खरं सांगितल्याबद्दल कधी रागवू नका.

आता तुमच्या बारा दिवसांत काय बसतं ते. अन्नपूर्णा बेस कॅम्प, 4130 मीटर. ही काही दुय्यम निवड नाही, आणि बेस कॅम्पची जागा म्हणून मला तरी हीच जास्त आवडते. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही, त्यासाठी शेजारचा काला पत्थर हा डोंगर चढावा लागतो. इथे तुम्ही चहूबाजूंनी डोंगरांच्या कुशीत उभे असता. समोर 8091 मीटरची अन्नपूर्णा, मागे वळलं की 6993 मीटरचं माछापुच्छ्रे, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं. 1957 साली गेलेली मोहीम शिखराच्या अगदी जवळून मागे वळली आणि त्यानंतर ते चढायची परवानगीच दिली जात नाही.

मी असं आखेन: पहिला दिवस काठमांडू, दुसरा पोखरा. तिसऱ्या दिवशी जीपने मट्क्यूपर्यंत, तिथून झिनूचा लांबलचक झुलता पूल ओलांडून छोमरोंग. चौथा मुक्काम दोभान, पाचवा देउराली, 3230 मीटर. बहुतेक जण देउरालीहून एका दिवसात बेस कॅम्प गाठतात, म्हणजे एकदम नऊशे मीटर. तसं करू नका. सहाव्या दिवशी माछापुच्छ्रे बेस कॅम्पला, 3700 मीटरवर थांबा, दुपारभर विश्रांती घ्या. सातव्या दिवशी पहाटे साडेचारला हेडटॉर्च लावून निघालात तर दीड-दोन तासांत अन्नपूर्णेच्या पायथ्याशी पोहोचता, आणि पहिलं ऊन शिखरावर पडताना तुम्ही तिथे असता. नाश्ता करून त्याच दिवशी खाली दोभानपर्यंत. आठवा झिनू, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून बसा. नववा पोखरा, अकरावा काठमांडू, बारावा घर. दहावा दिवस मोकळा आहे, आणि तो मोकळाच राहू द्या. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे सगळ्यांत भरवशाच्या महिन्यात, हुदहुद वादळाने अन्नपूर्णा भागातल्या थोरोंग ला या खिंडीत आणि आसपास इतका बर्फ ओतला की चाळीसहून जास्त माणसं दगावली. असं क्वचितच होतं, पण तेव्हा थांबायला एक दिवस गाठीशी असावा. देउराली ते माछापुच्छ्रे बेस कॅम्प या टप्प्यात वरून हिमकडे कोसळतात. धोका हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात जास्त, तरी ताजा बर्फ पडला असेल तर लॉजवाले सांगतील तेव्हाच निघा.

छोमरोंगच्या दगडी पायऱ्यांची मनाची तयारी ठेवा. नदीपर्यंत उतरायचं, पुन्हा सिनुवाला चढायचं, आणि परतीला तेच उलट. गुडघ्यांसाठी दोन काठ्या घ्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा. उतारावर लांब नख बुटाला आपटून काळं पडतं आणि पुढचे चार दिवस दुखतं. बूट मात्र घरूनच, दोन-तीन महिने वापरलेले न्या. डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पोखऱ्यात लेकसाइडला भाड्याने मिळतात. सुती बनियन वर उपयोगाचे नाहीत, घामाने भिजले की वाळत नाहीत. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

कागदपत्रांबद्दल. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. तुमच्या वयाला आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत, हे पुष्कळांना विमानतळावर कळतं. मुलाचा मतदार ओळखपत्राचा प्रश्नच नाही. पंधरा ते अठरा वयाला शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं पत्र चालतं, पण मी म्हणेन सरळ पासपोर्ट काढा.

परवाने दोन: अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा, सार्क देशांच्या नागरिकांना 1000 नेपाळी रुपये, आणि टिम्स कार्ड, म्हणजे ट्रेकरच्या नोंदणीचं कार्ड, तेही 1000. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी हा दर पक्का बांधलेला आहे, म्हणजे हजार नेपाळी म्हणजे आपले सव्वासहाशे. परदेशी ट्रेकरना गाइड हवाच असा नियम 1 एप्रिल 2023 पासून आहे. नियम नसता तरी तुम्हाला गाइड घ्याच म्हटलं असतं, कारण दिवाळीच्या दिवसांत वरच्या दोन्ही कॅम्पवर खोल्या भरलेल्या असतात आणि गाइड आदल्या दिवशी फोन करून खोली धरून ठेवतो. आणि माझ्या मित्राला त्या रात्री कोणी खाली आणलं ते वर लिहिलंच आहे.

दिवाळी म्हणजे तिकडे तिहार. या दिवसांत सरकारी कार्यालयं बंद असतात, म्हणून परवाने आधीच काढून ठेवायला गाइडला सांगा. बरेच गाइड आणि भरिया, म्हणजे पोर्टर, भाइटीकेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, घरी जातात, त्यामुळे माणसं दोन महिने आधी ठरवा. पण गावात असाल तर भाग्य समजा. कुकुर तिहारला कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळाला टिळा असतो, आणि संध्याकाळी मुलं देउसी-भैलो गात दारोदार येतात.

तिघांत दोन भरिया घ्या. एकाच्या पाठीवर वीस किलोच्या वर देऊ नका, मग तो कितीही म्हणू दे की चालेल. ठरवतानाच विचारा: त्याचा विमा आहे का, वरच्या थंडीसाठी जॅकेट आणि बूट आहेत का, त्याचं जेवण आणि झोपण्याची सोय पगारात धरली आहे का. जॅकेट नसेल तर लेकसाइडला भाड्याने घेऊन द्या. आपण चांगल्या कपड्यांत चालायचं आणि आपलं सामान वाहणाऱ्याने चपलांवर बर्फात चालायचं, हे मला बघवत नाही. नावाने हाक मारा, किंवा मोठा असेल तर दाइ, लहान असेल तर भाइ. लॉजवालीला दिदी.

पैसे रोख न्या, पोखऱ्याच्या पुढे एटीएमवर अवलंबून राहू नका. शंभराच्या भारतीय नोटा सगळीकडे घेतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत राहिले आहेत, त्यामुळे पोखऱ्यातच नेपाळी करून घ्या. खाणं-राहणं धरून मी माणशी दिवसाला चार हजार नेपाळी धरतो, गाइड आणि भरिया वेगळे. खोली स्वस्त असते, पण जेवण त्याच लॉजमध्ये घ्यायचं हा अलिखित करार आहे, तो पाळा. गरम पाणी, वायफाय, चार्जिंग यांचे वेगळे पैसे पडतात आणि उंचीबरोबर वाढतात. सगळं पाठीवरून किंवा खेचरावरून वर येतं, म्हणून घासाघीस करू नका. जेवणात डाळ-भात मागा. भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, ताजं असतं, पोट बिघडत नाही. छोमरोंगच्या वर मांस न नेण्याची जुनी प्रथा आहे, तिचा मान ठेवा. पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या न्या, प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेऊ नका.

विमा ट्रेकिंगचा आणि हेलिकॉप्टरने सुटका करणारा हवा, आणि त्यात किती मीटर उंचीपर्यंत हे छापलेलं हवं. साधा परदेश प्रवासाचा विमा अशा वेळी बहुधा हात वर करतो. पॉलिसीचा नंबर आणि फोन नंबर कागदावर लिहून गाइडजवळही द्या.

एक गोष्ट तिघांनीही पाठ करा. खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला, आतल्या अंगाला उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीही नाही. खेचराच्या पाठीवरचं ओझं रुंद असतं, आणि त्याचा साधा धक्काही पुरतो. झुलत्या पुलावर समोरून तांडा येत असेल तर तो पूर्ण उतरेपर्यंत अलीकडेच थांबा.

नेपाळी पाट्या देवनागरीत असल्यामुळे आपल्याला वाचता येतात, हा आपला मोठा फायदा. उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार, आणि दिवसभर गाइडच्या तोंडून ऐकाल तो शब्द बिस्तारै, म्हणजे हळूहळू.

मुलाच्या पासपोर्टचा अर्ज याच आठवड्यात भरा. विमानाची तिकिटं त्यानंतर काढा, आणि परतीची तारीख बदलता येईल अशीच घ्या, थोडी महाग पडली तरी. तारखा नक्की झाल्या की इथे लिहा, कुठल्या मुक्कामी तिहारचा कुठला दिवस येतो ते बघून आराखडा पुढे-मागे करू.